श्वासात पहिला नंबर

एका जंगलात एक वानर राहत होता, आणि बाळांनो, त्या वानराची ही गोष्ट माझ्याइतकी खरी दुसरं कुणी सांगूच शकत नाही. कारण ती मीच आत्ता रचतोय.

तर नीट बसा. मागच्यांनी ढकलाढकली करायची नाही. पुढच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या बाळांनी मनगटावरचं ते लुकलुकणारं यंत्र काढून खिशात ठेवावं. आज किती पावलं झाली ते गोष्ट संपल्यावर बघा. बसून ऐकणार आहात, तेवढ्यात काही वाढणार नाहीत ती.

वानराचं नाव भागाजी. तोंड काळं, भुवया पांढऱ्या, शेपूट स्वतःपेक्षा लांब. पाणवठ्याच्या काठाला एक उंच बेहडा होता. त्याच्या शेंड्याला भागाजीची बसायची फांदी. तिथे त्याचा बाप बसला, आजा बसला. तीन पिढ्यांच्या बुडाखाली ती फांदी अशी गुळगुळीत झाली होती, की नवखा कुणी बसला तर घसरून थेट पाण्यात.

भागाजीचं काम एकच. बिबट्या दिसला की ओरडायचं.

हे काम सोपं वाटतं ना? घरी जाऊन करून बघा. नुसतं घशातून ओरडून चालत नाही. पोट आत ओढायचं, छाती फुगवायची आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढायचा. "खॅक्! खॅक्! खॅकर्र!" असा, की पलीकडच्या डोंगरावर झोपलेला ससाही उठून पळत सुटला पाहिजे. कशासाठी पळतोय ते त्याने नंतर विचारावं.

झाडाखाली चितळांचा कळप पाण्याला यायचा. कळपात सगळ्यात वडीलधारी ठकूबाई. सात वेळा व्यालेली, नाकाची तिखट आणि जिभेची त्याहून तिखट. वर डोळे भागाजीचे, खाली नाक ठकूबाईचं, असा त्यांचा कारभार. वाऱ्यावर वास आला तर ती खुराने जमीन आपटायची, गवत हललं तर तो ओरडायचा. शेवटचं पाडस पाणी पिऊन काठ चढेपर्यंत भागाजीने फांदी सोडायची नाही, हा पाणवठ्याचा रिवाज. आणि तोवर दोघांनी भांडायचं, हाही रिवाजच.

"भागाजीभाऊ, जागे आहात ना?"

"तू पाणी पी, ठकूबाई. माझे डोळे उघडे आहेत."

"काल तोंडपण उघडं होतं. मला वाटलं आता ओरडताय. तर जांभई निघाली."

असं चाललं होतं. कुणी फार सुखी नव्हतं, पण बहुतेक सगळे जिवंत होते.

मग एके दिवशी मुंगूसराव परत आले.

मुंगूसराव तीन वर्षं शहरात होते. एका दवाखान्याच्या जिन्याखाली बीळ करून राहायचे. तेवढ्यावर त्यांना अर्धी डॉक्टरकी आली होती. कुठली अर्धी, ते विचारू नका. येताना त्यांनी एक गोणी ओढत आणली. गोणीत पट्टे होते.

गवापाटील जंगलाचे सभापती. त्यांनी सगळ्यांना पाणवठ्यावर बोलावलं. मुंगूसराव दगडावर चढले.

"हा पट्टा छातीला बांधायचा," ते म्हणाले. "श्वास घेतला की छाती फुगते, पट्टा ताणतो. श्वास सोडला की पट्टा सैल पडतो. ही डबी ते मोजते. मिनिटाला किती श्वास, खोल की उथळ, सगळं. दवाखान्यात निजवून मोजतात, त्यात काय मजा नाही. निजल्यावर कोणीही शहाणाच दिसतो. आपण रोजची कामं करताना मोजायचं. चरताना, चढताना, भांडताना. श्वास निवांत असला तर डबीवर हिरवा दिवा. वाढला की लाल."

"लाल लागला तर काय?" अस्वलाने विचारलं.

"तर तब्येत बिघडली."

"पण मला तर बरं वाटतंय."

"तेच सांगतोय मी. वाटतंय! मोजलंय का कधी?"

अस्वलाने स्वतःची छाती चाचपली. खरंच, त्याने मोजलं नव्हतं. त्या क्षणापासून त्याला जरा कसंतरीच व्हायला लागलं.

"आणि निवांत म्हणजे किती?" ठकूबाईने विचारलं. "माझ्या पाडसाचं निवांत वेगळं, त्या खारीचं वेगळं."

हा प्रश्न शहरात कुणी विचारला नव्हता, निदान जिन्याखाली तरी ऐकू आला नव्हता. मुंगूसरावांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर गवापाटील सावलीत बसून रवंथ करत होते. डोळे अर्धे मिटलेले, कान ढिले. मुंगूसरावांनी चटकन एक पट्टा त्यांच्या छातीला बांधला. तो पुरेना. दोन जोडून बांधले आणि मोजलं.

"बारा!" ते ओरडले. "मिनिटाला बारा! हाच जंगलाचा योग्य श्वास. वीसच्या वर गेला की लाल."

गवापाटलांना हे फार म्हणजे फार आवडलं. मागच्या पावसाळ्यात टेकडी चढताना त्यांना धाप लागली होती, तेव्हापासून बिचारे धास्तावले होते. टेकडी चढायचीच त्यांनी सोडून दिली होती. आता कळलं, की आपल्याला काही झालेलं नाही. उलट आपण सगळ्या जंगलाचं माप आहोत. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. सगळ्यांनी पट्टे बांधायचे. अपवाद नाही.

"बिबट्यालाही?" भागाजीने वरून विचारलं.

"अपवाद नाही म्हणजे नाही. त्याला काय फुप्फुसं नाहीत?"

मुंगूसराव स्वतः बिबट्याकडे गेले. सगळ्यांना वाटलं, आता काही हे परत येत नाहीत. पण आले. म्हणाले, "काय सभ्य प्राणी आहे! स्वतःहून मान वर करून दिली. तुम्ही उगाच नावं ठेवता." साळिंदराला मात्र तीन पट्टे लागले. पहिले दोन त्याच्या काट्यांनी बांधता बांधताच फाडले.

झालं, बाळांनो. आठ दिवसांत जंगलाची कळा बदलली.

अस्वलाने मधासाठी झाडावर चढणं सोडलं. चढलं की लाल लागायचा. ते खाली बसून पोळ्याकडे बघायचं आणि हिरवा दिवा चाटायचं. मोराने नाच बंद केला. लांडोर दुसऱ्या मोराकडे गेली, तर तोही बसलेलाच. रानडुकराच्या बायकोचा दिवा दिवसभर हिरवा असायचा आणि नवरा बोलायला लागला की लाल. तिने मुंगूसरावांना विचारलं, यावर औषध काय? मुंगूसराव म्हणाले, निरीक्षण चालू ठेवा. एका हुशार माकडाने आपला पट्टा कातळावर ऊन खात पडलेल्या घोरपडीला बांधला आणि स्वतः दिवसभर उड्या मारत हिंडलं. त्याचा आकडा इतका सुंदर आला, की त्याला सत्कारासाठी बोलावणं आलं. सत्काराला घोरपड गेली.

आणि संध्याकाळी सगळे एकमेकांना तब्येत विचारायचे बंद झाले. "कसे आहात?" गेलं. "किती?" आलं.

"किती?"

"सोळा. तुमचे?"

"पंधरा."

"वा, वा." आणि मनातल्या मनात जळायचे. जळल्यावर सतरा व्हायचे.

आता भागाजीचं ऐका.

पट्टा बांधल्यावर चौथ्या दिवशी त्याला पलीकडच्या गवतात ठिपके दिसले. त्याने पोट आत ओढलं, छाती फुगवली आणि नेहमीसारखा ओरडला. कळप उधळला. बिबट्या रिकाम्या पोटी परत गेला. आणि भागाजीच्या छातीवर लाल दिवा भगभगला. सातव्या दिवशी पुन्हा तसंच. ठिपके, ओरडणं, लाल.

मुंगूसराव बेहड्याखाली आले.

"भागाजी, तुमचं काही खरं नाही. श्वास मिनिटाला चव्वेचाळीस! इतका वाईट आकडा जंगलात कुणाचा नाही. पंधरा दिवसांत तीनदा लाल लागला, तर सक्तीची विश्रांती. झाडावरून उतरायचं आणि खाली कातळावर पडून राहायचं. कायमचं."

"आणि माझ्या फांदीवर कोण बसणार?"

"घुबड. दिवसा त्याचा श्वास बघा. अकरा! एकसारखा. काटा हलत नाही."

"अहो, दिवसा ते झोपलेलं असतं!"

"झोपेवर तुमचा एवढा राग का?" मुंगूसरावांनी डोळे बारीक केले. "रागानेसुद्धा वाढतो श्वास."

"मग मी हा पट्टाच सोडतो."

"सोडलात तर डबी आपोआप लाल होते. शहरातली वस्तू आहे ती. तिला सगळं कळतं."

भागाजी घाबरला. मरायला नाही घाबरला. मरायचं तर वानराला एक फांदी चुकली तरी मरायचं असतं. तो त्या कातळाला घाबरला. खालून काय दिसतं? चितळांचे पाय दिसतात. बापाने आणि आज्याने घासून गुळगुळीत केलेली फांदी, आणि तिच्यावर डोळे मिटून बसलेलं घुबड! त्या रात्री त्याने ठरवलं, की आपण ओरडायचं; पण बेताने.

दोन दिवसांनी करवंदीच्या जाळीमागे पुन्हा ठिपके दिसले. कळप पाण्यावर होता. भागाजीने दिव्याकडे पाहिलं. हिरवा. त्याने बेहड्याचं एक फळ तोडून ठकूबाईच्या पाठीवर टाकलं. खूण म्हणून.

ठकूबाईने ते खाल्लं.

त्याने आणखी चार टाकली.

"आज फार उदार झालात!" ठकूबाई म्हणाली. "काय, घरात लग्न आहे का?"

"बिबट्या," भागाजी कुजबुजला.

"काय?"

"बिबट्या."

"मोठ्याने बोला की! बायकोला घाबरल्यासारखे काय बोलताय?"

"मोठ्याने बोललो तर लाल लागतो."

"काय लागतो?"

एवढ्यात वारा फिरला म्हणून बरं. वास तिच्या नाकात शिरला, तिने खूर आपटला आणि कळप पळाला. पण एक मुलखाचा मठ्ठ चितळ, ठकूबाईचा धाकटा, शेवटी उरला. बिबट्याने झेप घेतली. पोरगं सुटलं. शेपटी अर्धी मागे राहिली.

तिन्हीसांजेला ठकूबाई एकटीच झाडाखाली आली. आज ती भांडली नाही. भागाजीला तेच जड गेलं.

"तुमचा दिवा हिरवाच राहिला म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"बरं झालं. आमच्या पोराचं शेपूट अर्धंच राहिलं."

आणि ती निघून गेली. भागाजीने त्या दिवशी पाला तोंडात धरला, पण चावला नाही. डबीने नोंद केली: श्वास उत्तम.

पंधरवड्याच्या शेवटी निकाल लागणार होता. आदल्या दिवशी मुंगूसराव सगळ्यांच्या डब्या तपासत हिंडत होते. बिबट्या बेहड्यापासून हाकेच्या अंतरावर गवतात लोळत होता, त्यामुळे भागाजीला वरून सगळं ऐकू आलं.

"साहेब, हे काय आहे?" मुंगूसरावांनी डबी डोळ्यांजवळ नेली. "मिनिटाला आठ? हे सलग तीन तास आठ! झोपला होता का?"

"छे," बिबट्या म्हणाला. "काम करत होतो."

"काम करताना आठ? काय काम?"

"बसलो होतो."

"कुठे?"

"जाळीमागे. एकाच ठिकाणी नजर लावून."

"हालचाल?"

"पानही हलवलं नाही."

"मनात काही विचार?"

बिबट्याने थोडा वेळ आठवून पाहिलं. "एकच," तो म्हणाला.

"एकच विचार! तीन तास! आठ श्वास!" मुंगूसरावांनी डोळे पुसले. "साहेब, आम्ही शहरात मोठमोठे बुवा बघितले. पण असा योगी नाही बघितला."

"मी आपला साधा माणूस आहे," बिबट्या म्हणाला. आता तो माणूस नव्हता, हे तुम्हांला कळतंय आणि मलाही कळतंय. पण सत्कार जवळ आला की सगळेच असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गवापाटलांनी निकाल वाचला. श्वासात पहिला नंबर, बिबटेसाहेब. दुसरा नंबर घोरपड. घुबडाचे दिवसाचे अकरा रात्रीच्या उडण्याने बिघडले, म्हणून तिसरा नंबर स्वतः गवापाटील, त्यांचे तेरा झाले होते, बहुतेक निकालाच्या काळजीने. आणि जंगलाचा श्वास सुधारावा म्हणून पहिल्या नंबराने सर्वांसाठी शिबिर घ्यावं, अशी विनंती. उद्या, सूर्य उगवताना, पाणवठ्यावर. हजेरी सक्तीची.

"पाटील," ठकूबाई पुढे झाली, "तो बिबट्या आहे."

"तो पहिला नंबर आहे."

"तो आम्हाला खातो."

"खाताना त्याचा श्वास किती असतो, ते मोजलंयस का तू?" मुंगूसराव म्हणाले. "नाही ना? मग पुराव्याशिवाय बोलू नये."

"माझ्या पोराचं शेपूट हा पुरावा!"

"एक शेपूट म्हणजे काय पुरावा, बाई? सरासरी पाहावी लागते. जंगलातली सगळी शेपटं धरली तर कपात अगदी किरकोळ आहे."

सरासरी म्हणजे काय, ते मला विचारू नका, बाळांनो. मास्तरांनी ती शिकवली त्या दिवशी मी त्यांच्याच परसात चिंचा पाडत होतो. ठकूबाईलाही कळली नाही. न कळलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही, म्हणून ती आपल्या कळपात परत गेली. सभा संपली.

सकाळी झोपलेलं घुबड सोडून सगळं जंगल पाणवठ्यावर जमलं. दोनशे बारा प्राणी, दोनशे बारा डब्या. मधोमध सपाट दगडावर बिबट्या बसला. अंघोळ करून, ठिपके चाटून आला होता.

"लहान पाडसांनी पुढे बसावं," तो मऊ आवाजात म्हणाला. "मागे बसलं की नीट दिसत नाही. म्हणजे मला."

पाडसं पुढे आली. अर्ध्या शेपटीचं सगळ्यात पुढे, कारण ते मुलखाचं मठ्ठ होतं, हे मी सांगितलंच आहे.

"पाय पोटाखाली घ्या. पळायच्या तयारीत कुणी बसू नये, त्याने मन अस्थिर होतं. कान खाली सोडा. डोळे मिटा. बाहेरचं काही हुंगायचं नाही. आता श्वास घ्या... हळू... आणि सोडा. भीती सोडा. घाई सोडा. सोडून द्या सगळं."

मुंगूसराव रांगांमधून फिरत होते. "हिरवा! हा हिरवा! इथेही हिरवा! वा!" दोनशे दिवे लुकलुकत होते. असा देखावा त्या जंगलाने कधी पाहिला नव्हता. अस्वलाचा तर डोळा लागला. गवापाटील अकरावर आले.

दिव्यांवर खिळलेले मुंगूसरावांचे सोडले, तर डोळे उघडे फक्त दोघांचे. एक बिबट्याचे. दुसरे बेहड्यावर, भागाजीचे.

भागाजीने पाहिलं, बिबट्या बोलता बोलता दगडावरून उतरला. "श्वास घ्या..." एक पाऊल. "सोडा..." एक पाऊल. त्याचं पोट जमिनीला टेकलं. मागचे पाय अंगाखाली गेले, ढुंगण दोनदा हललं, शेपटीचं टोक तेवढं थरथरलं. भागाजीला याचा अर्थ ठाऊक होता. बापाने शिकवलेली पहिली गोष्ट तीच: ढुंगण हललं की वेळ संपली. आणि बिबट्याच्या छातीवर दिवा कसा? हिरवागार.

भागाजीने स्वतःच्या दिव्याकडे पाहिलं. पंधरवडा आज संपत होता. दोन लाल झाले होते. हा एक दिवस गप्प बसला की फांदी त्याची. उद्यापासून नवा पंधरवडा, नवे तीन लाल. एका पाडसाचा तर प्रश्न. तेही मठ्ठ. आणि सक्तीची हजेरी काही त्याने लावली नव्हती. विचार करता करता त्याचा श्वासच थांबला. डबी खूष झाली. इतका हिरवा दिवा त्याच्या छातीवर आजवर लागला नव्हता.

तेवढ्यात अर्ध्या शेपटीच्या पोराने एक डोळा उघडला. समोर नाही बघितलं त्याने. वर बघितलं, बेहड्याच्या शेंड्याकडे. भागाजी जागेवर आहे ना, एवढंच. तो दिसला, तसा पोराने निर्धास्त होऊन डोळा परत मिटला.

"खॅक्! खॅक्! खॅकर्र!"

बाळांनो, त्या ओरडण्याचं वर्णन मी करत नाही. बेहड्याची फळं आपोआप गळून पडली, एवढंच सांगतो. दोनशे जण एकदम उठले. पाय पोटाखाली असल्यामुळे निम्मे एकमेकांवर पडले, आणि तेच बरं झालं, कारण बिबट्याला कुठलं कुणाचं ते कळेना. त्याने झेप घातली, पोराच्या छातीला तोंड घातलं, आणि दातात आला तो पट्टा. पोरगं पुढे पळालं. पट्टा ताणला, ताणला आणि तुटला, आणि त्याचं टोक बिबट्याच्या नाकावर असं फाडकन बसलं, की दोन डोंगरांत त्याचा आवाज घुमला. पट्ट्याचा कुणाला काही उपयोग झाला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.

अस्वल उठल्या उठल्या झाडावर चढलं आणि वर पोळं दिसलं म्हणून तिथेच बसलं. मोर उडाला. घोरपड पाण्यात गेली. गवापाटील चार टेकड्या चढून गेले. मुंगूसराव साळिंदराच्या बिळात शिरले. उलटे.

दुपारी सगळे परत जमले. मोजदाद झाली. दोनशे बाराच्या दोनशे बारा जिवंत. एकालाही खरचटण्यापलीकडे काही नाही. ठकूबाईने पोराला चाटून चाटून त्याची कातडी सोलायची बाकी ठेवली होती.

सगळ्यात शेवटी गवापाटील आले. धापा टाकत. छातीवर लाल दिवा. जन्मात पहिल्यांदा.

"माझा!" ते म्हणाले. "माझा लाल! चार टेकड्या पळवलं मला! हे कुणी केलं?"

"तुम्ही चार टेकड्या चढलात, पाटील," ठकूबाई म्हणाली. "परतसुद्धा आलात. अंगात काही रोग असता तर दुसऱ्याच टेकडीवर राहिला असता."

पण पाटलांचं लक्ष दिव्याकडे. "मुंगूसराव! मुंगूसराव कुठे आहेत?"

"इथे," बिळातून आवाज आला. एक नाक दिसलं आणि परत आत गेलं. "मी इथूनच अहवाल देतो. इथे शांतता आहे."

मग सगळं जंगल बिळाभोवती गोळा झालं. आणि मुंगूसरावांनी अहवाल दिला. आज सकाळी एका मिनिटात दोनशे अकरा दिवे लाल झाले. पंधरा दिवसांची कमाई पाण्यात गेली. जंगलाची सरासरी एवढी कधीच खालावली नव्हती. आणि या साथीचं मूळ कुठे आहे, तर बेहड्याच्या शेंड्यावर. भागाजीचा श्वास आज मिनिटाला बावन्न झाला. तिसरा लाल. नियमाप्रमाणे त्याने उतरावं.

"दोनशे अकराच?" अस्वलाने पोळ्यातून तोंड काढून विचारलं. "एक हिरवा कुणाचा राहिला?"

"बिबटेसाहेबांचा," बिळातला आवाज भक्तीने म्हणाला. "एवढ्या गोंधळात साहेबांचा श्वास नऊच्या वर गेला नाही. पहिला नंबर त्यांच्याकडेच राहील."

तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. करवंदीच्या जाळीमागे, सावलीत, एक हिरवा दिवा दिसत होता. हलत नव्हता.

भागाजी म्हणाला, "नियम तो नियम. मी उतरतो. घुबडाला वर पाठवा."

दोघे जण घुबडाला बोलवायला गेले. त्यांनी त्याला हाक मारली, हलवलं, फांदीसकट हलवलं. त्याचा श्वास अकरा होता. तो अकराच राहिला.

इकडे भागाजी एक फांदी उतरला, तर खाली ठकूबाई उभी. मागे तिचा कळप. मग रानडुकराची बायको आली, तिच्यामागे नवरा. मग साळिंदर आलं, मोर आला. सगळे बेहड्याच्या बुंध्याला चिकटून असे दाट उभे राहिले, की उतरायचं म्हटलं तरी भागाजीला खाली पाय ठेवायला जागा नव्हती. तो परत वर गेला. पंचाईत अशी, की गवापाटीलही हळूहळू मागे मागे सरकत त्याच झाडाखाली येऊन उभे होते.

"मुंगूसराव," पाटील हिरव्या दिव्यावरची नजर न काढता म्हणाले, "अहवालाला एक तात्पर्य जोडा. म्हणजे पुढच्या पिढीला उपयोगी पडेल."

बिळात घसा खाकरल्याचा आवाज झाला. मग मुंगूसरावांनी सांगितलं, ते असं:

तात्पर्य : धोका दिसला तरी ओरडू नये, कारण ओरडल्याने ऐकणाऱ्यांचा श्वास वाढतो आणि सगळ्या समाजाची तब्येत बिघडते. डोळे मिटून हळू श्वास घेत राहावं. जो खाल्ला जाईल त्याचा श्वास मोजायचा नसतो, त्यामुळे आकडा खराब होत नाही. आणि आदर्श कुणाचा ठेवावा, हे दिव्याचा रंग बघून ठरवावं, दातांची लांबी बघून नव्हे.

ठकूबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सगळं पटलं, मुंगूसराव," ती म्हणाली. "आता हेच जरा बाहेर येऊन सांगा."